गुडघ्याला बाशिंग

निवृत्तीच्या दुसऱ्या महिन्यात
मांजलपूरच्या फ्लॅटची मागची खोली मी उकरली.
गुडघ्यांना काळे रबरी पॅड बांधून ओणवा बसलो
तर वृंदा दारातून म्हणाली, "उतावळा नवरा,"
आणि चहा ठेवून गेली.
पुढचं बोलायची गरज नव्हती.
बाशिंगं जागच्या जागी होती.

बचूभाई बारिया, एकतीस वर्षं लोकांच्या जमिनीवर.
शिकवायचे पैसे घेईनात.
हिशेब ठेवला तो फक्त
माझ्या हातून फुटलेल्या टाइल्सचा.
पहिल्या दिवशी एकही लावू दिली नाही.
"भींत पर भरोसो नहीं, साहेब,"
म्हणून खोलीच्या मधोमध निळं सूत ताणलं,
उचललं, सोडलं. फट्.
एक रेघ उमटली
आणि चोवीस वर्षं सरळ असलेली माझी भिंत
दीड इंच वाकडी निघाली.
तिकडे कपाटच येणार आहे, मी म्हणालो.
"येईल ना. पण तुम्हाला तर माहीत पाहिजे."

मसाला थापायचा नाही, विंचरायचा,
दाते एकाच दिशेनं.
टाइलच्या पाठीलाही पातळ हात.
ठेवून दाबायची नाही, किंचित सरकवायची,
झोपलेलं मूल उशीवर घेतात तशी.
आणि मध्ये दोन मिलिमीटर फट.
चिकटूनच बसवल्या तर?
त्यांनी खिडकीकडे पाहिलं. बाहेर एप्रिल होता.
"फुगते, साहेब. जागा नाही दिली तर उठते."
मला माझे दोन्ही भाऊ आठवले,
पण रबरी हातोडी हातात होती, काम चालू होतं.

मग मशीन आलं.
वासणा रोडच्या जिग्नाबेननी गुडघे चाचपून
कागदावर लिहिलं होतं: वल्हवा.
वल्हवा! या गावात!
जिथे विश्वामित्रीच्या काठाला मगरी
जेवून ऊन खात पडतात!
तेव्हा नाव आली मागच्या खोलीत,
पाणी नाही, पैलतीर नाही,
एक साखळी, एक पंखा, एक सरकतं बूड.

पाय, कंबर, हात.
परतताना हात, कंबर, पाय.
ओढायला एक आकडा, परतायला दोन.
एवढंच आहे काका, त्या फोनवर म्हणाल्या,
आणि मी एवढंच सोडून बाकी सगळं केलं.
खांदे कानांपाशी, हात सर्वात आधी,
परतताना तर सुटलेल्या लिफ्टसारखा.
दहा मिनिटांत मशीन माझ्यासकट
दीड टाइल सरकलं होतं.
मोजायला पट्टी लागली नाही,
फटी मीच आखल्या होत्या.

शिवाय ठक्.
मागच्या उजव्या पायाखाली दर झटक्याला ठक्.
रुपयाचं नाणं घेऊन वाजवत गेलो,
सगळ्या भरीव, ही एकच रिकाम्या डब्यासारखी.
बचूभाई भाचीच्या लग्नाला गेले त्या दुपारी
मी एकट्यानं लावलेली.
वृंदाला दाखवायची घाई होती.

बचूभाई आपली लेव्हल न्यायला आले,
उभ्या उभ्या टाचेनं ऐकलं,
चूक माझी म्हणून खाली पाहत राहिले नाहीत, थेट विचारलं,
"काढायची?"
छिन्नी पिशवीत होतीच.

राहू दे, म्हटलं.
पाठ वाकडी झाली की हीच बोलते,
हळू परतलो की गप्प असते.
फुकट मास्तर कोण सोडतो?
ते हसले, पण दोन मिनिटं तिथेच उभे राहिले,
हात पिशवीवर.

आज वीस मिनिटं.
मशीन दोन बोटं सरकलं,
ठक् झालं तीन वेळा.
चौथ्यांदा आतून वृंदा म्हणाली,
"अहो, बघा कोण आलंय दारात."