लाभ

हॉस्पिटलचा हेरवाडे नावाचा पोरगा
पाटावर पाट ठेवून चढला
आणि स्वयंपाकघराच्या चौकटीवर चिकटवून गेला
साबणाच्या वडीएवढा पांढरा डोळा.
दुसरा न्हाणीच्या वाटेवर, तिसरा फ्रिजच्या दाराला,
गादीखाली एक पट्टी, श्वास मोजणारी.
"फोटो काढत नाही काका, नुसती हालचाल कळते."
आण्णा म्हणाले, "कळू दे की.
काटा पासिंग केलाय काय, तेवढं बघ."

चाळीस वर्षं शाहूपुरीत गूळ तोलला त्यांनी.
एका बाजूला शेतकरी, एका बाजूला अडत्या,
मधे आण्णा, बनियनवर, घामानं चिकट,
आणि सगळ्या पेठेला ऐकू जाणारा आवाज:
लाभ... दोन... तीन...
मापाड्यानं एकला एक म्हणायचं नसतं.
का, ते मी विचारलं नाही कधी.

आता घास उतरत नाही.
अन्ननलिका, म्हणाले डॉक्टर,
आणि पेनानं कागदावर एक नळी काढली,
मग तिच्यात एक ठिपका, मग तो गिरवत बसले.
बहात्तर किलोचे आण्णा एकोणपन्नासवर आले.
मोठ्या रव्यांतला दीड रवा कमी,
असा हिशेब त्यांनीच केला, केमोच्या खुर्चीत.

सकाळी सातच्या बसनं मी कागलला जाते.
डबा खायच्या सुट्टीत फोनवर आमचं घर उघडतं.
भिंती नाहीत, भांडी नाहीत, तीन रेघा.
हिरवी म्हणजे आण्णा चालले.
निळी म्हणजे पडून आहेत.
केशरी म्हणजे फ्रिज उघडला, आंबील घेतली असणार.
रोज एक वाजून पाच मिनिटांनी केशरी यायची.
ती दिसली की मी माझी भाकरी मोडायची.

रात्री भिंतीपलीकडं ते उठून बसतात,
ते मला भिंत सांगत नाही, फोन सांगतो.
उठून जावं असं वाटतं.
मी निळी रेघ परत सुरू व्हायची वाट बघते.

एका मंगळवारी लाईट गेली कंपनीची, लवकर सुटलो.
खिडकीतून बघितलं:
एक वाजून पाच.
आण्णा भिंत धरून आले,
फ्रिज उघडला, उजेड तोंडावर पडला,
ओठ हलत होते.
लाभ, दोन, तीन, चार...
बाराला दार लावलं.
आंबिलीचं पातेलं मुल्लाणी भाभींच्या शेळीपुढं ठेवून आले,
मग त्या पांढऱ्या डोळ्यासमोरून
दोन येरझाऱ्या घातल्या, दम लागेपर्यंत.

ज्या माणसानं उभ्या जन्मात
गुंजभर काटा मारला नाही.

मी कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीत जाऊन बसले
पावणेसहापर्यंत. दळण नव्हतं माझं.
गिरणीवाल्यानं विचारलं नाही, बरं झालं.
रोजच्या वेळेला घरी आले.
"जेवलासा?"
"जेवलो की. तुझ्या फोनात आलं न्हाई व्हय?"
"आलं," म्हटलं.

गुरुवारी मॅडमचा फोन असतो, पुण्याहून,
छापील प्रश्न, छापील आवाज.
झोप कशी, मन कसं, कुणाशी बोलावंसं वाटतं का.
शून्य ते दहामध्ये, काका, दुखणं किती?
आण्णांनी पाठ ताठ केली.
पेठेत उभं राहावं तशी.
"लाभ."
"काय म्हणालात? लाभ?
आवाज तुटतोय, परत सांगा."

फोन मी घेतला.
"एक म्हणताहेत ते," म्हटलं.
"पण मॅडम, सात लिहा. आठ लिहा.
आणि ती एकची केशरी रेघ आहे ना..."

आण्णा माझ्याकडं बघत होते,
शेतकरी बघायचे त्यांच्याकडं, तसे.
काट्याकडं नाही,
तोलणाऱ्याच्या तोंडाकडं.