चार बोटं कापड

मस्कतच्या मॉलमध्ये, ट्रायल रूमचा पडदा ओढून
मी उकिडवी बसले.
पँट उभ्यानं पारखू नये
हे गेल्या वर्षीच्या फाटण्यानं शिकवलं:
वादीत, उतरताना, बूड टेकत टेकत येत होते
आणि तेरा माणसांच्या देखत टर्रर्र.
वासंती बिडकरनं कमरेला ओढणी दिली.
त्या ओढणीची अजून आठवण काढतात लोक,
डोंगराची कुणी काढत नाही.

तर उकिडवी. मग एक पाय स्टुलावर,
मग गुडघा छातीशी.
बाहेरून जोसलिन विचारते, मॅडम, ओके?
ओके कसलं. खिशात दोनच बोटं जातात.
बायकांच्या पँटीचा खिसा
म्हणजे भिंतीवर रंगवलेलं दार.

पुरुषांच्या रांगेत गेले.
तिथले खिसे मनगट गिळणारे.
कापड जाड नाही, पण वीण दाट;
नखानं ओढलं तर चर्र वाजतं,
फुंकर मारली तर पलीकडच्या तळव्याला लागते.
जीन्सकडे पाहिलंही नाही.
भिजली की आपण तिला घालत नाही,
ती आपल्याला घालते.
एकोणीस रियाल. मनात रुपये केले,
सतरा वर्षं झाली, अजून करते,
अर्ध्यावर गुणाकार सोडून दिला.

लांबीला चार बोटं जास्त.
आसनात आवळ.

नूरुलचं दुकान हमरियात, ज्यूसवाल्याच्या मागे.
तो कुमिल्ल्याचा. आम्ही बोलतो ती हिंदी
त्याची नाही, माझीही नाही,
पण मापापुरती पुरते.
त्यानं पँट उलटी केली,
शिवणीवरून अंगठा फिरवत गेला
आणि जिथे चार शिवणी एका ठिपक्यावर येतात
तिथे थांबला.
इथे फाटणार, म्हणाला. आज नाही तर उद्या.
खालून कापतो ते फेकायचं नाही. त्याचीच कळी घालतो.

दोन्ही पायांची टोकं
पतंगासारखी चौकोनी झाली आणि आसनात बसली,
दुहेरी टिपेनं.
लांबीतलं काढलं, ऐसपैसपणात घातलं.
एक रियाल दोनशे बैसा.

कुठे जाता हे घालून?
डोंगर चढायला.
काम आहे तिथे?
नाही, काम नाही.
त्यानं तोंडातली टाचणी काढली.
सुट्टीच्या दिवशी?
तो चौथ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट जूनपासून बंद.
खूप हसला. मीही.
नंतर, गाडीत बसल्यावर, मला हसू आलं नाही.

शुक्रवारी जबल शम्स.
दरी उजव्या हाताला, इतकी खोल
की बोलणं आपोआप हळू होतं.
एका काटेरी झाडानं मांडीवर रेघ ओढली,
कापडानं ती स्वतःकडे ठेवली,
मला दिली नाही.
दगड खरखरीत, आणि त्यात शिंपले!
इथे कधी समुद्र होता म्हणे. मी बसून घेतलं,
बिनधास्त, बुडावर.

वाटेच्या तोंडाशी एक म्हातारी
बकरीच्या लोकरीचे गोंडे विकत होती.
तिनं माझ्या गुडघ्यावरचं कापड चिमटीत धरलं,
चोळलं, म्हणाली, झैन.
पुरुष पुढे गेले होते. तिनं आजूबाजूला पाहिलं
आणि झग्याचा घोळ वीतभर उचलून
आपली सलवार दाखवली:
घोट्याशी घट्ट, जरीच्या काठाची,
वर मोकळी, एका ढांगेत ओढा ओलांडावा इतकी.
मी कळीकडे बोट दाखवलं.
तिला कळलं असावं. तिनं गोंड्याचे पैसे कमी केले नाहीत.

शनिवारी धुताना खिशातून निघालं:
खजुराच्या तीन बिया, लाल लोकरीचा धागा,
एक दगड, पोटात शिंपला असलेला.
पाणी तिसऱ्यांदा गढूळ आलं.
गॅलरीत उलटी वाळत घातली,
कळी उन्हाकडे.
संध्याकाळी काढायला गेले तर वाळून खडखडीत,
आणि गुडघे
अजून वाकलेलेच.