लॅटिनचा तास, अक्रा

यंदा पटावर एकच नाव: झीफा आग्बेको.
तरी डॉक्टर लार्टे हजेरी घेतात,
चष्मा पुसून, मोठ्यानं.
ती म्हणते, हजर.
मग दोघंही जरा थांबतात
बाकीच्यांसाठी.

हरमटन सुरू झालाय. सहारातली धूळ
क्रियापदांवर बसते.
बाकावर बोटानं ती प्रत्यय काढते,
पुसते.

खाली अर्थशास्त्रवाल्यांची रांग
पार केंकेच्या टपरीपर्यंत.
मैत्रीण विचारते, मेलेल्या भाषेत
नोकरीचा अर्ज कसा गं करतात?
झीफा माशाचा काटा काढत म्हणते,
भूतकाळात.

संध्याकाळी वीज जाते. सर अंधारातच
पुढचं रूप विचारतात.
ती चुकते.
जनरेटर खोकतो, बंद पडतो.
सगळ्या वर्गानं पुन्हा म्हणायचं, सर म्हणतात.

सगळा वर्ग पुन्हा म्हणतो.