तुलनात्मक तक्ता

तीन माहितीपत्रकं आणली तन्वेशनं,
टेबलावर टाकली, पत्ते वाटल्यासारखी.
तिन्ही मेक्सिकन, तिन्ही गुळगुळीत कागदावर.
"मामा, तुमचा हात हिशेबाचा. यातलं स्वस्त कुठलं?"

एकतीस वर्षं पतसंस्थेत काढलेला मी,
स्वस्त हा शब्द ऐकला की आधी चष्मा पुसतो.

पट्टी घेतली. उभ्या रेघा ओढल्या.
पहिला रकाना निवडुंगवाल्याचा:
प्रवेश फी पंचवीस लाख, परत न मिळणारी,
जागा सहाशे चौरस फूट, रस्त्यालगत,
भिंतीचा रंगसुद्धा त्यांच्याच डब्यातला.
दुसरा मिशीवाल्याचा. फी बारा,
पण आठ टक्के विक्रीवर. नफ्यावर नव्हे, विक्रीवर.
होडी बुडाली तरी उताऱ्याचे पैसे आधी.
तिसरा मोठ्या टोपीवाला, मॉलमधलं खोपटं,
साडेसातात बसतं म्हणे,
फक्त सॉस, चीज, मक्याच्या रोट्या, कागदी रुमाल
त्यांच्याच गोदामातून, त्यांच्याच भावानं.
"आणि आवाकादो? प्रियोळच्या गुरुदासकडे
दर वर्षी झाडाखाली कुजून जातात."
"चालत नाही मामा. कलम चौदा."

फोंड्यात तिस्काजवळच्या गाळ्याचं भाडं
मी पेन्सिलीनं लिहिलं.
भाडं शाईनं लिहू नये.

एक ओळ मात्र तिन्हीकडे सारखी निघाली:
प्रशिक्षण, पंधरा दिवस, गुडगाव, दीड लाख.
"शिकवतात काय?"
"सारण भरणं. घडी घालणं.
सगळ्या शाखांत सारखीच पडायला हवी."

साडेअकराला उल्का आली गाडा बंद करून,
बोटांना कांदा, पदराला रसाचा वास.
बावीस वर्षं ऑम्लेटाची घडी घालून
रसात सोडते ती एका हातानं,
दुसऱ्या हातानं सुटे मोजते.
उभ्यानंच वाचलं तिनं सगळं.
"घडी घालपाक दीड लाख?"
मला वाटलं हसेल. हसली नाही.
बोट खाली सरकवत गेली, मग म्हणाली,
"यांत सोमवारी बंद ठेवता येतं?"

तन्वेश पानं उलटत राहिला.

मला काय सुचलं कोण जाणे,
मी चौथी रेघ ओढली, वर लिहिलं: गाडा.
फी: निरंक.
रॉयल्टी: पालिकेचा सोपो, रोजचा, पावतीसकट.
गिऱ्हाईक: बसस्टँड, इस्पितळ, रात्रपाळी.
प्रशिक्षण:
इथं थांबलो.

पोरगा म्हणाला, "तो रकाना खोडा मामा."
"का? आकड्यात तोच..."
"त्यात आईला बसायला खुर्ची कुठं आहे?"

उल्का आत गेली होती, नळ वाहत होता.
मी रबर घेतलं, घासत राहिलो.
पण ते मी शाईनं लिहिलं होतं,
कागद तेवढा फाटला.

बेरीज अजून करायची आहे.