ना हरकत

बेलापूरच्या कचेरीत टेबलामागची बाई म्हणाली,
हत्यार विकायचंय ना काका,
मग घेणाऱ्याची पडताळणी होईल आधी.
तोवर दुनळी रबाळ्याच्या ठाण्यात जमा.
म्हटलं, असू दे.
एकोणीस वर्षं बँकेच्या दारात
ती माझ्या खांद्याला होती, एकदाही उडाली नाही.
दसऱ्याला झेंडू, महिन्याला तेल,
एवढाच तिचा संसार.

घेणारा अंबादास खरात, मूळ भोकरदनचा, राहणार घणसोली.
एजन्सीत काठीवाला.
काठीला बारा हजार, बंदुकीला एकोणीस.
मधले सात त्यानं मला तीनदा मोजून दाखवले,
बोटांवर, हळूहळू,
जणू मोजताना एखादा निसटेल.
त्याचा परवान्याचा अर्ज, माझा विक्रीचा,
दोन्ही एकाच सुतळीत बांधले गेले.

हवालदार जाऊन आला.
इस्त्रीवाल्याला विचारलं, गिरणीवाल्याला,
सोसायटीच्या सेक्रेटरीला.
गुन्हे: निरंक.
वर्तणूक: चांगली.
शेरा: हरकत नाही.
हवालदार सरळ माणूस, चहासुद्धा स्वतःच्या पैशानं प्यायला.
पण पाटी कोरी होती की पुसलेली,
हे निरंक या शब्दाला विचारायची सोय नाही.

म्हणून एका रविवारी मीच गेलो,
पाव किलो कंदी पेढे घेऊन.
चौथा मजला, लिफ्ट बंद.
अंबादासनं टेबलफॅन माझ्याकडे वळवला,
बोलला भरपूर: ड्युटी, पीएफ, मुलीची दहावी.
हसलाही.
मुलगी भूमितीचं पुस्तक उघडून दारातच बसलेली,
पान काही उलटत नव्हती.
पेढा खाऊन हात धुवायला उठलो.
मोरीच्या दाराला आतून कडी नव्हती,
चार भोकं होती, स्क्रू काढलेली.
आतल्या खोलीलाही तेच.
परत येऊन बसलो आणि वर बघितलं.
छताला नुसता हूक.

त्याची बायको शेवंता रिक्षापर्यंत सोडायला आली,
एक चप्पल स्वतःची, एक मुलीची.
म्हणाली, काका, कागदाला किती दिवस लागतील अजून?
म्हटलं, लागतील बरेच.
म्हणाली, लागू द्या.
रिक्षावाल्यानं मीटर टाकलं.

आता माझी एक सही राहिलीय.
बाईंचे दोन फोन येऊन गेले,
सगळं क्लिअर आहे, काका, तुम्हीच अडवलंय.
खरंय त्यांचं.
काय सांगू? हुकाचं? भोकांचं?
एका माणसाच्या वाईट दिवसांवर
सरकारी शिक्का मारून आणू?
उद्या हातातली काठीही जायची त्याच्या.
आणि गप्प बसून सही केली तर

सत्त्याण्णव साली, थोरला गेला त्या वर्षी,
आमच्या हिनं काडतुसं तांदळाच्या डब्यात लपवली होती.
सहा महिने मी रिकामी दुनळी घेऊन
बँकेच्या दारात उभा राहिलो.
कळलं होतं मला, वजनावरून.
मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.
त्या वर्षीच्या नूतनीकरणाच्या कागदावरही
माझ्या नावापुढे निरंकच आहे.

काल रात्री अंबादासचा फोन.
काका, काय झालं आपल्या कागदाचं?
म्हटलं, बेलापूरचा सर्व्हर बंद आहे.
कधी चालू होणार?
काही सांगता येत नाही बाबा.
तू ये रविवारी, असाच. पत्ते खेळता येतात का तुला?
तो काहीच बोलला नाही.
मागे कुकरची शिट्टी झाली, एक, दोन,
मग कुणीतरी गॅस बारीक केला.