जावईबापू

महापे, दुसरा मजला. खोलीत पस्तीस अंश,
कातडीवरही पस्तीस. उष्णतेला
जायला जागाच ठेवलेली नाही.
जाईल ते वाफ होऊनच जाईल.

त्याला आम्ही जावईबापू म्हणतो.
दीड कोटीचा, बोटीने आलेला,
चौतीस तुकड्यांचं अंग, तुकड्यागणिक वायर.
बाही चढवताना खांदा निखळवावा लागतो,
तो हूं की चूं करत नाही.
आधी सुती कातडी, मग डिस्टिल्ड पाणी,
मग वर गिऱ्हाइकाचा कपडा,
बहुधा तळोज्याचा कुठला ॲसिडचा सूट.
आणि तो घाम गाळत उभा राहतो,
काही न करता,
बिनमिठाचा.

खाली फाटकावर भिवसेन.
मे महिना, पॉलिस्टरचा निळा शर्ट, टाय, पट्टा.
पाठीवर कालची पांढरी रेघ, तिच्या आत परवाची,
ओहोटीनंतर खाडीच्या चिखलावर राहते तशी.

शनिवारी म्हटलं, शर्ट द्या थोडा वेळ.
तो बनियनवर एसीत बसला, हात काखेत घालून,
काचेपलीकडे आपल्या शर्टातला टकल्या बघत.
"टाय नीट बांधा त्याची. साहेब फाइन मारतात."

आलेख सपाट व्हायला वेळ लागतो.
तेवढ्यात दोन चहा झाले.
आकडा आला, एक्केचाळीस.
"म्हणजे?"
म्हणजे, पाणी बाहेर पडायला बघतं
आणि कापड म्हणतं,
थांब, आधी वहीत नाव लिही.
तो हसला. मग हसायचा थांबला.

टाय काढली, गळ्याचं बटण सोडलं, पट्टा सैल केला,
पुन्हा भिजवलं, पुन्हा थांबलो.
छत्तीस.
"पाच कमी. पाच काय?"
एककाचं नाव सांगितलं, लांबलचक.
"रुपये असते तर कळलं असतं."

ग्राहकाचा रकाना रिकामा ठेवला
तर सॉफ्टवेअर पुढे सरकत नाही.
मी टाइप केलं: भिवसेन लोखंडे, फाटक क्रमांक दोन.

शर्ट उतरवला तेव्हा
जावईबापूंच्या पाठीवर, सुती कातडीवर,
पिवळट रेघ उमटलेली.
धुवायला हवी होती. सोमवारवर ठेवली.

भिवसेनने ओला शर्ट नाकाशी नेला,
"याला वासच नाही की,"
आणि तसाच अंगात घातला.
जिना उतरला, बटण उघडं, टाय खिशात.
फाटकाशी पोचेपर्यंत तरी.