सातारा–केळघर

सकाळी पहिलं पाऊल टाकताना
टाचेत कुणीतरी खिळा ठोकून ठेवलेला असतो.
दुसरं जरा बरं. पाचवं आपलं आपण पडतं.
पाच चाळीसची गाडी थांबत नाही,
म्हणून मी दिवस पाचव्या पावलापासून मोजते.

आधी आणली बुटात घालायची गादी,
निळी, जेलीसारखी, पोवई नाक्यावरून,
इनामदार मेडिकलमधून.
दोन दिवस कापसावर चालले.
तिसऱ्या दिवशी ती बोटांकडं जाऊन बसली.
पुढं सरका, पुढं सरका, मी दिवसभर ओरडते,
प्रवाशांनी कधी ऐकलं नाही,
गादीनं ऐकलं.

मग भेगांचं मलम.
खोक्यावरची टाच बाळाच्या गालासारखी;
तिच्या मालकिणीनं कधी पायरीवर उभं राहून
मेढ्याच्या बाजारादिवशी दार लावलेलं नसणार.
रात्री लावा, मोजे घाला, असं लिहिलंय.
घातले, झोपले.
मुलगा पाण्याला उठला, म्हणाला,
आई, ड्युटीवरनं आलीस का निघालीस?

अंगठा चिरला होता, मशीनच्या बटणांनी, चिल्लरनं.
नलवडे बाईंनी डेपोत कोकमतेलाचा गोळा दिला,
वितळवून भर म्हणाल्या.
भरला. चीर मिटायला लागली,
पण त्या आठवड्यात माझ्या दहाच्या नोटा
कॅशियर उजेडाला धरून बघायचा.

मे महिन्यात खाकीच्या आत
मांड्यांना जे होतं त्याचं नाव
चार पुरुष काउंटरला टेकलेले असताना
तोंडातून निघत नाही.
पावडर द्या, म्हणाले.
चेहऱ्याची?
हो.
महिनाभर माझ्या मांड्यांना गुलाबाचा वास होता.
ही गोष्ट मी अजून नलवडे बाईंनाही सांगितलेली नाही.

आणि जळजळीची ती पुडी.
भरपूर पाण्यासोबत घ्या.
भरपूर. बरं.
आणि मग केळघर घाटात, पंचेचाळीस माणसांसमोर,
एक बेल मारून
कुठल्या करवंदीच्या जाळीमागं जाऊ?
अर्धी पुडी टाकली, दोन घोट प्याले.
दुखणंही अर्धंच गेलं,
हिशेबाला चोख.

एकदा चुकून 'टाच' म्हणाले
तर सगळी गाडी डॉक्टर झाली.
तिसऱ्या बाकावरचे म्हणाले, रुईचं पान, गरम विटेवर.
त्यांच्या मागचे म्हणाले, बर्फाची बाटली, पायाखाली लाटायची.
दरे फाट्याच्या हौसाक्का म्हणाल्या, बिब्बा,
आणि लगेच स्वतःची टाच वर करून
काळा डाग दाखवला, दागिन्यासारखा.
बर्गे ड्रायव्हर आरशातून म्हणाले,
बदली मागा, कार्यालयात, खुर्ची असते तिथं.
त्यावर कुणी काही बोललं नाही.
कंडक्टरची सीट आहे माझी, दाराजवळ.
तीवर रोज कुणाचं तरी तांदळाचं पोतं बसतं.

आता पिवळ्या डबीतला बाम आहे, शेवटचा.
बरं वाटतं की नुसतं गरम वाटतं
हे मी ठरवायचं सोडून दिलंय.
स्टँडवर कमरेला लावते,
त्याच बोटांनी तिकीट फाडते.

परवा कुडाळकडं जाणारं एक पोरगं, अर्ध्या तिकिटाचं,
तिकीट नाकाला लावून बसलं.
आई, ह्याला बामाचा वास येतोय.
आईनं त्याच्या पाठीत एक धपाटा घातला,
मग हळूच स्वतःचंही हुंगलं.

मी पुढं गेले, सुट्टे द्या, सुट्टे द्या करत.
पण तेव्हापासून डोक्यात बसलंय.
केळघरला, आंबेघरला, मोरघरला,
सदऱ्यांच्या खिशात, ब्लाउजात, पिशवीच्या तळाशी
माझी कंबर थोडी थोडी उतरते रोज.
तिकिटावरचे आकडे आठवड्यात पुसट होतात.
वास किती टिकतो,
इनामदारांना विचारायला पाहिजे.